अकरा वाजताची बाग

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझा नवरा म्हणतो. नर्सरीवाला म्हणतो, गिऱ्हाइकं म्हणतात, आणि एवढी माणसं एकच गोष्ट म्हणतात म्हणजे त्यात तथ्य असणार. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. या एका बागेच्या बाबतीत मात्र वाटलं, आणि अजून वाटतं.

मी बागा आखते. एकवीस वर्षं झाली. हल्ली मागणी एकच. पाम हवेत, मोठ्या पानांची झाडं हवीत, फाटक उघडलं की समुद्रकाठच्या हॉटेलात शिरल्यासारखं वाटलं पाहिजे. चार दिवस सुट्टीला जाऊन आलेल्या माणसाला पामांचं जे वेड लागतं, ते दोन वर्षं तरी उतरत नाही. माझी तक्रार नाही, त्यावर माझं घर चालतं. पण मी कागदावर आराखडा काढत नाही. लोकांना कागद कळत नाही. तोंडदेखलं "वा, छान" म्हणतात आणि झाडं लागली की कुरकुर सुरू. म्हणून मी टेम्पोत पन्नास जुन्या बादल्या घालून नेते. एक झाड, एक बादली. अंगणात त्या उपड्या ठेवायच्या आणि घरच्यांनी दोन दिवस त्यांच्यातून वावरायचं. कपडे वाळत घाला, सायकल काढा, भांडणं करा. ज्या बादलीला तिसऱ्यांदा ठेच लागेल ती हलवायची.

काकांचा फोन आला तेव्हा ते दोनच वाक्यं बोलले. "बाग करायची आहे. दहा आठवडे आहेत." काका म्हणजे माझे कोणी नव्हेत. छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासून निवृत्त झालेला माणूस, वय सत्तरच्या आसपास, अंगावर इस्त्रीचा सदरा, खिशाला लाल पेन. बायको जाऊन सात वर्षं झालेली. मुलगी एकुलती एक, फार लांब, जिथे थंडीमुळे वर्षातले सहा-सात महिने खिडकी उघडत नाहीत अशा गावात, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. हे सगळं मला पहिल्या दिवशी कळलं नाही. त्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे भिंतीतून खिळा काढण्यासारखं होतं.

अंगण चांगलं ऐसपैस होतं. एका कोपऱ्यात नळ, घराच्या भिंतीला मोठी खिडकी, तीन बाजूंनी खांद्याएवढी भिंत. आणि बाकी काही नाही. गवताची काडी नाही. माती भाजल्यासारखी टणक. मी बादल्या उतरवल्या आणि नेहमीची टकळी सुरू केली, की काका, आधी ऊन कुठून येतं ते बघू. काकांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि भिंतीपासून दोन पावलं मोजून ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. नळाजवळ पाच एकाला एक लागून. "ह्या हेलिकोनिया." खिडकीसमोर तीन. "हा पंख्यासारख्या पानांचा." कोपऱ्यात सात. "हे नेचे, सावलीत." कुठे थांबणं नाही, डोकं खाजवणं नाही. छत्तीस बादल्या दहा मिनिटांत लागल्या. आणि माझ्या लक्षात आलं, की बादल्या ठेवायच्या आधीसुद्धा हा माणूस त्या उजाड अंगणातून सरळ चालत नव्हता. मधूनच वळसा घेत होता. एका ठिकाणी तर त्यांनी मान खाली घातली, वरून काही लोंबत असल्यासारखी.

"काका," मी म्हणाले, "इथे आधी बाग होती?"

"होती. सात वर्षांपूर्वी."

"अशीच?"

"नाही. तेव्हा लहान होती. आता एवढी झाली."

मी वळून पुन्हा त्या उजाड अंगणाकडे बघितलं. तेव्हा ते आत गेले आणि एक जाड वही घेऊन आले. वहीत दर रविवारची तारीख, आणि खाली सुवाच्य अक्षरात तीन-चार ओळी. *हेलिकोनियाला दुसरा तुरा. नळाजवळ बेडूक. मॉन्स्टेराचं नवं पान, त्याला पाच भोकं.* सात वर्षांचे सगळे रविवार. एकही गोष्ट खरी नव्हती.

हळूहळू कळलं ते असं. बाग बायकोची. ती गेली, महिन्याभरात मुलगी नोकरीला परदेशी गेली, आणि त्याच उन्हाळ्यात झाडन् झाड वाळून गेलं. मुलीचा फोन दर रविवारी अकराला. घरात फोन वायरचा, खिडकीशी ठेवलेला. मोबाइल आपल्याला जमत नाही असं त्यांनी तिला सांगून ठेवलेलं, म्हणजे फोटोचा प्रश्नच नाही. पहिल्या फोनला तिने विचारलं, "आईची बाग कशी आहे?" काका म्हणाले, "छान आहे." मग तिने विचारलं, काय फुललं. मग त्यांनी सांगितलं.

"आमचं दुसरं काही बोलणं नव्हतं हो," काका म्हणाले. "बाग मेली असं सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी काय बोललो असतो?"

आणि आता मुलगी येणार होती. सात वर्षांत पहिल्यांदा, पंधरा दिवसांसाठी. ती यायच्या आत त्या वहीतली बाग जमिनीवर उभी करायची, हे माझं काम. ती नाही झाली तर बापलेकीतला एकुलता एक धागा तुटणार. असं त्यांनी म्हटलं नाही, पण वही माझ्या हातात दिल्यावरही तिचा कोपरा त्यांनी सोडला नव्हता.

मी कामाला लागले. खोटं तर खोटं, पण काय खोटं होतं ते. मी ती वही आठवडाभर उशाशी घेऊन झोपले. मोठी झाडं मिळतात, सात वर्षांची झाडं सात वर्षांची म्हणूनच विकत मिळतात. नर्सरीवाल्याला यादी दिली तर तो म्हणाला, बाई, हा माणूस जाणकार आहे, एकही झाड चुकीच्या जागी नाही. मी म्हटलं, असणारच, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात त्याने. आणि त्याच दिवशी मला वहीतली चूक सापडली.

काकांच्या बायकोने स्वतः लावलेला एक बॉटल पाम होता, बुडाशी बाटलीसारखा फुगलेला. काकांनी चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी लिहिलं होतं: *वादळात बॉटल पामचा शेंडा मोडला.* आणि तीन महिन्यांनी: *मोडल्या जागी दोन नवे शेंडे फुटले. आता त्याला दोन डोकी.* पुढे चार वर्षं ती दोन डोकी वाढतच होती. मुलगी दर रविवारी त्यांची चौकशी करत होती, एकाला थोरलं म्हणायची आणि एकाला धाकटं.

मी तशीच उठून काकांकडे गेले.

"काका, हा पाम मी कुठून आणू? त्या पामाला एकच शेंडा असतो. तो मोडला की झाड संपलं. आंब्यासारखं बाजूने फुटत नाही ते."

काकांनी चष्मा काढला. "नक्की?"

"माझं पोट त्यावर चालतं."

"मी पुस्तकात गुलाबाचं वाचलं होतं," ते म्हणाले. "छाटला की दोन फुटतात. मला वाटलं, सगळ्यांचं तसंच असेल."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पाम वठला, काढून टाकला, असं पुढच्या रविवारी सांगा, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण माझी आई शेवटची दोन वर्षं फोनवर मला "मी बरी आहे, जेवले" म्हणायची आणि मला तिच्या आवाजावरून कळायचं की ती बरी नाही आणि जेवलेलीही नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. बरं वाटतं तिला तसं म्हणायला, तर म्हणू दे, असं मनाशी धरून बसले. मग एक दिवस फोन शेजारणीने केला. ती रुखरुख माझ्या मनातून गेलेली नाही. त्यामुळे मला वाटलं की जगातल्या सगळ्या मुलींना सगळं कळत असतं.

"काका, तिला माहीत आहे," मी म्हणाले. "चार वर्षांत तिने कुणाला विचारलं नसेल? शिकलेली मुलगी आहे. तिला कळून चुकलंय, आणि तरी ती दर रविवारी फोन करते. तुमच्यासाठी. सांगून टाका तिला. मोकळे व्हा."

एवढ्या ठामपणे बोलले की माझंच मला पटलं. काकांनाही पटलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "माहीत असेल तिला?" त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं, धीर यावा म्हणून. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, लाल पेनाने दुरुस्त्या करून. अकराला फोन वाजला. त्यांनी कागद वाचला, एका दमात, बातम्या वाचाव्यात तसा. मग थांबले. पलीकडून तिने काहीतरी विचारलं.

"हो," काका म्हणाले. "सगळीच."

मग म्हणाले, "तो सगळ्यात आधी."

मग त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने मला कळलं की पलीकडे कोणी नाही.

तिला माहीत नव्हतं. तिने कुणालाही विचारलं नव्हतं, कारण कुणी आपल्या आईच्या झाडाबद्दल लोकांकडे खात्री करत फिरत नाही. तिला आपला बाप खोटं बोलेल असं वाटलंच नव्हतं. माझी अक्कल मी नको तिथे चालवली होती, आणि तोंडघशी पडले होते काका.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. काका साडेदहापासून फोनपाशी बसलेले. सदरा इस्त्रीचा, दाढी केलेली. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. बारा वाजता ते उठले, फोन उचलून कानाला लावला, चालू आहे का बघितलं, ठेवला. "तुम्ही करा ना तिला," मी म्हणाले. तर म्हणाले, "काय बोलू?" त्याच्या पुढचा रविवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही.

"काम थांबवायचं का, काका?" मी एकदा विचारलं. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती.

"आता कुणासाठी करायची?" ते म्हणाले.

पण मी थांबवलं नाही. मोठ्या झाडांची मागणी रद्द केली, आणि लहान रोपं आणली. ढोपराएवढे पाम, तीन-तीन पानांचे. हेलिकोनियाचे गड्डे, जमिनीत पुरले की वर काही दिसतच नाही. सगळी माती खणून काढली, शेणखत घातलं. बादल्यांच्या जागा तशाच ठेवल्या, मोठेपणी लागेल तेवढी जागा प्रत्येकाभोवती मोकळी सोडली. त्यामुळे बाग केल्यावर अंगण आधीपेक्षा ओसाड दिसायला लागलं. खरी बाग पहिल्या वर्षी अशीच दिसते, हे मी प्रत्येकाला सांगते आणि कुणालाही पटत नाही. काका खिडकीतून बघायचे. बाहेर येत नव्हते.

ठरलेल्या तारखेला टॅक्सी फाटकाशी थांबली. मी नळापाशी चिखलात बसले होते. मुलगी उतरली, तिशी ओलांडलेली, काकांचंच नाक, एकच बॅग. काका पायरीवर आले.

"प्रवास बरा झाला?"

"हो."

"चहा?"

"घेईन."

ती आली याचा आनंद काकांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, आणि एवढं बोलून दोघांचे शब्द संपले. पहिले दोन दिवस वाटलं, रुसवा असेल, निघेल. पण तो रुसवा नव्हता. ती रागावून आलीच नव्हती. सकाळी दोघं टेबलाशी बसायची, वर्तमानपत्राची पानं वाटून घ्यायची, साखर पुढे सरकवायची, आणि तोंडाला कुलूप. मी पाणी प्यायला आत गेले की दोघंही माझ्याशी भरभरून बोलायची. माझ्यासारख्या बडबडीलाही तिथे कानकोंडं व्हायचं.

चौथ्या दिवशी ती बाहेर आली आणि मला न विचारता माझ्या शेजारी बसून आळी करायला लागली. हात सफाईदार. मला राहवलं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मीच त्यांना सांगितलं, की तुला माहीत असणार."

"झाडांचं मला तेवढं वाईट नाही वाटलं, मावशी," ती म्हणाली. "वाटलं, पण तेवढं नाही."

मग तिने सांगितलं. ती लहान असल्यापासून काका तिच्याशी आईमार्फत बोलायचे. तिला सांग जेवून घे. तिला विचार परीक्षा कधी आहे. ती समोर बसलेली असली तरी. ती पण तेच करायची. वाईट कुणीच नव्हतं, सवय तशी पडली होती, आणि आई हसत हसत निरोप पोचवायची. आई गेली तेव्हा एक महिना ती दोघं या घरात राहिली, आणि त्या महिन्यात दोघांत मिळून वीस वाक्यं झाली नसतील. म्हणून ती गेली. नोकरी हे निमित्त.

"आणि मग पहिल्या रविवारी फोन केला, तर हा माणूस माझ्याशी तासभर बोलला. मला वाटलं, कोण आहे हा. बेडकाचा आवाज काढून दाखवला त्यांनी एकदा. मी तिकडे आठवडाभर कुणाशी नीट बोलायची नाही, सगळं रविवारसाठी साठवून ठेवायची. सात वर्षं माझे बाबा मला होते." तिने आळ्यातली माती दोन्ही हातांनी दाबली. "त्यांनी तो कागद वाचला ना, तो आवाज जुना होता. घरातला. मला वाटलं, फोनवरचा माणूस गेला. त्याला शोधायला आले मी. आणि इथे हे आहेत."

"तेच ते आहेत," मी म्हणाले. पण मला स्वतःला ते पुरतं कळत नव्हतं, आणि एकदा शहाणपणा करून हात पोळलेले होते, म्हणून पुढे बोलले नाही. आयुष्यात इतकी गप्प मी क्वचित बसले असेन.

तिच्या सुट्टीतला शेवटचा रविवार आला. दोन दिवसांनी तिचं विमान. माझं काम संपलं होतं, बादल्या न्यायला म्हणून मी गेले होते. ती घरातून बाहेर आली, कोपऱ्यापर्यंत जाऊन येते म्हणाली, आणि फाटकाबाहेर गेली. मी बादल्या एकात एक घालत होते. घरात फोन वाजला.

अकरा वाजले होते. काका आतल्या खोलीतून येताना मला खिडकीतून दिसले. ते फोनपाशी थांबले, त्याच्याकडे बघत राहिले. पाच-सहा वेळा वाजू दिला, मग उचलला. आणि त्याच वेळी भिंतीच्या पलीकडून, जिथे माझा टेम्पो उभा होता तिथून, मला तिचा आवाज आला.

"बाबा, मी बोलतेय."

खिडकी उघडी होती. ती कुठून बोलते आहे हे काकांना ऐकू येत नसेल असं नाही. पण त्यांनी मान वर करून बाहेर बघितलं नाही. खुर्ची ओढली आणि बसले, फोनची वायर मांडीवर घेऊन.

"बोल," ते म्हणाले.

"झाडं कशी मेली, बाबा?"

मी दोघांच्या मध्ये, हातात बादली. जावं तर कुठे जावं.

"पाणी घालायला विसरलो नव्हतो मी," काका म्हणाले. आवाज वेगळाच होता, मोकळा, थोडा खालच्या पट्टीतला. मी तो त्याआधी कधी ऐकला नव्हता. "तुझी आई नळ सोडायची तेव्हा आत पाण्याचा आवाज यायचा. ती गेली, मग महिनाभर तू सोडायचीस. मी इथेच बसून ऐकायचो. आवाज आला की वाटायचं, बाहेर कोणीतरी आहे आपलं. तू गेल्यावर मी एकदा गेलो नळापाशी. हात लावला. पण सोडायचा म्हणजे बाहेर मीच असणार आणि आत कुणीच नसणार, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. मला तो सोडवेना गं. रोज सकाळी जायचो आणि परत यायचो. झाडं माझ्यासमोर वाळली."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"तू निघालीस त्या दिवशी मी दारात उभा होतो. तुला थांब म्हणायचं होतं. आठवडाभर मनात तेच होतं. तिला सांग, जाऊ नको म्हणावं, असं तोंडात येत होतं सारखं. पण ते सांगायचं कुणाला? घरात कुणी नव्हतंच सांगायला." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं, इस्त्रीची पर्वा न करता. "तू समोर होतीस, हे मला सुचलं नाही."

ती रडत होती, हे मला भिंतीवरून दिसत होतं. माझ्या टेम्पोला टेकून, फोन दोन्ही हातांनी कानाला धरून.

"आता सांगा," ती म्हणाली.

"थांब," काका म्हणाले. "जाऊ नको. जायचंच असेल तर जा, पण मी थांब म्हणालो होतो हे लक्षात असू दे."

ती थांबली की गेली, हे मी सांगत बसत नाही, तो त्यांचा घरचा मामला आहे. त्यानंतर ती दोघं किती वेळ काय काय बोलली तेही मी सगळं ऐकलं नाही, निम्मं ऐकलं. ती टेम्पोला टेकून उभी होती, त्यामुळे मला निघता येत नव्हतं. मी बादली उपडी घातली आणि साडेबारापर्यंत तिच्यावर बसून राहिले.